एक तगडं ग्राफिक्स कार्ड की दोन स्वस्त? गेमिंगसाठी खरेदीआधी आणि नंतर काय तपासायचं

कागदावरचा हिशेब मोह पाडणारा आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० मध्ये ३,८४० कुडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), आरटीएक्स ५०७० मध्ये ६,१४४. २०२५ मध्ये ही कार्डं आली तेव्हा अमेरिकेतली जाहीर किंमत अनुक्रमे २९९ आणि ५४९ डॉलर होती. म्हणजे ५०७० च्या पैशांत थोडी भर घातली की दोन ५०६०, एकूण ७,६८० कोअर, आणि ८ अधिक ८ अशी १६ जीबी मेमरी. ५०७० ला तर १२ जीबीच.

गोची अशी की ५०६० ची जोडी गेमसाठी जुळतच नाही. त्या कार्डावर जोडणीचा कनेक्टर नाही आणि ड्रायव्हरमध्ये सोयही नाही. दुसरं कार्ड मशीनमध्ये बसेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसेल आणि गेम चालू असताना नुसतं बसून राहील.

एकेकाळी हे चालायचं. थ्रीडीएफएक्सने १९९८ मध्ये वूडू २ ची जोडी लावून दाखवली. जोडी लावायची सोय म्हणून २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय आणलं, २००५ मध्ये एटीआयने (ही कंपनी पुढे एएमडीत गेली) क्रॉसफायर. त्यातली बरीचशी कामं आळीपाळीने व्हायची: पहिली फ्रेम या कार्डावर, दुसरी त्या कार्डावर. त्यामुळे दोन्ही कार्डांना गेमचं सगळं सामान आपापल्या मेमरीत ठेवावं लागायचं. ८ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला मिळायचे ८ जीबीच. मेमरीची बेरीज होते हा गैरसमज अजून टिकून आहे, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

दुसरा त्रास मायक्रोस्टटरचा. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला सरासरी १६.७ मिलिसेकंद. जोडीत एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांत यायची आणि पुढची २५ मध्ये. बेरीज तीच, सरासरीही ६०, पण डोळ्यांना जाणवायचे ते २५ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ ४० एफपीएस. कोपऱ्यातला आकडा झकास आणि खेळ अडखळता, अशी तक्रार तेव्हा सर्रास असायची.

शेवटचा घाव घातला तो गेमच्या बदललेल्या तंत्राने. आजचं टीएए, डीएलएसएस, एफएसआर, म्हणजे चित्र गुळगुळीत किंवा मोठं करणाऱ्या पद्धती, हे सगळं मागच्या फ्रेमची माहिती वापरून पुढची फ्रेम बनवतं. मागची फ्रेमच दुसऱ्या कार्डावर असेल तर ती दर वेळी इकडून तिकडे आणावी लागते आणि जोडीचा फायदा तिथेच संपतो. गेम आणि कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या सॉफ्टवेअरमध्ये अनेक कार्डांची सोय आहे, पण ती गेम बनवणाऱ्याने स्वतः लिहावी लागते. शॅडो ऑफ द टूम रेडर, रेड डेड रिडेम्प्शन २ अशा मोजक्या गेमनी ती लिहिली. मूठभर ग्राहकांसाठी एवढी मेहनत करायला बाकीचे तयार नव्हते. आरटीएक्स ३० मालिकेत जोडणीचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला उरला, ४० मालिकेत कुणालाच नाही. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवीन एसएलआय प्रोफाइल (त्या-त्या गेमसाठी जोडीची सेटिंग) देणं थांबवलं. एएमडीच्या बाजूनेही २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर गेलंच.

तेव्हा नवीन खरेदीत सगळे पैसे एकाच कार्डात. पण कोणतं, हे ठरवण्याआधी अर्धा तास मोजमापात घालवा.

आधी मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर हे प्रोग्रॅम टाका. स्क्रीनवर पाच गोष्टी दाखवायला लावा: जीपीयू (कार्डाची चिप) वापर, जीपीयू मेमरी, सीपीयूच्या प्रत्येक कोअरचा वापर, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख आणि १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस). मग जो गेम तुम्ही खरोखर खेळता त्यातला सगळ्यात जड भाग दहा मिनिटं खेळा.

जीपीयू वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० वर रेंगाळतोय आणि एखादा कोअर ठासून भरलाय, तर अडचण सीपीयूची आहे. खात्री करायला रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर उतरवा. एफपीएस जागचा हलला नाही तर नवीन कार्डाने फारसं काही होणार नाही. दोन रॅमच्या पट्ट्यांऐवजी एकच पट्टी लावलेली असणं हेही एक नेहमीचं कारण. ते आधी तपासा, त्याचा खर्च सगळ्यात कमी.

सरासरी एफपीएस ठीक पण १ टक्का लो कोसळतोय, कपड्यांवरची-भिंतींवरची नक्षी उशिरा येतेय किंवा चिखलासारखी दिसतेय, तर मेमरी भरलेली आहे. टेक्स्चर एक पायरी उतरवून फरक पडला तर पुढच्या कार्डात जीबी बघून घ्या, नावातल्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका.

कोणतं एक

१०८० वर १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय, दोन्हीची १६ जीबीची आवृत्ती. याच नावाने ८ जीबीचीही कार्डं मिळतात, त्यामुळे बिल करण्याआधी खोक्यावरचा आकडा वाचा. १४४० साठी ५०७० किंवा १६ जीबीचं आरएक्स ९०७०. ४के साठी ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी. त्याच्या वरचं कार्ड घेण्याआधी मॉनिटर त्या तोडीचा आहे का बघा. ६० हर्ट्झच्या १०८० मॉनिटरला ५०७० टीआय लावणं म्हणजे उधळपट्टी.

जुना मदरबोर्ड असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ५०६० आणि ५०६० टीआय फक्त ८ लेन (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा) वापरतात. बी४५० सारख्या पीसीआयई ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) बोर्डावर प्रत्येक लेनचा वेग ४.० च्या निम्माच असतो, आणि ८ जीबी मेमरी भरली की त्याचा फटका जोरात बसतो. ९०६० एक्सटी १६ लेन वापरतं. अशा बोर्डावर तेच बरं.

वीज, उष्णता आणि आपलं हवामान

दोन ५०६० म्हणजे २९० वॅट, एक ५०७० म्हणजे २५०. रोज चार तास, महिनाभर, फरक ४.८ युनिटचा. एवढ्याने महावितरणचं बिल काही हलत नाही. सेकंडहँड आरएक्स ५८० च्या जोडीचा हिशेब वेगळा. ती ३७० वॅट खाते, तर १६ जीबीचं ९०६० एक्सटी १६०. महिन्याला २५ युनिटचा फरक. एसीच्या दिवसांत वापर ३०० युनिटच्या काठावर असेल तर हेच युनिट वरच्या दराच्या टप्प्यात मोजले जातात.

खरा प्रश्न उष्णतेचा. घोडबंदर रोडवर किंवा घणसोलीत टू-बीएचकेमधल्या मुलांच्या खोलीत कॅबिनेट बहुधा टेबलाच्या बंद कप्प्यात असतं. मागे भिंत, पुढे दार. तिथे कोणतंही कार्ड गुदमरेल, दोन तर नक्कीच. स्लॉटमधलं अंतर साधारण २० मिलिमीटर असतं, त्यामुळे जाड कार्डं लावली की मधे बोटभर फट उरते आणि वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढत राहतं. कप्प्याचं मागचं फळकूट काढा किंवा कॅबिनेट बाहेर ठेवा. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक, आणि पुढच्या जाळीला फिल्टर. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. बांधकामांची धूळ असलेल्या भागात फिल्टर महिन्याला धुवा. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, सुसाट फिरला तर बेअरिंग जातं.

खाडीजवळ, ऐरोली-वाशीच्या बाजूला, पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. चालू राहिलं की आत ओल धरत नाही. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर डाग दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड. खोडरबरने घासायची सवय सोडा, मुलामा निघतो.

एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ५०७० साठी ६५० वॅटचा आणि ५०७० टीआयसाठी ७५० चा, दोन्ही एनव्हिडियाने सांगितलेले आकडे. दोन ८-पिन लागत असतील तर दोन वेगळ्या केबल ओढा, एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. नवा १६-पिनचा कनेक्टर टक्क बसेपर्यंत दाबा आणि तोंडापाशी लगेच वाकवू नका. अर्धवट बसला तर वितळतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेम चालू असताना वीज गेली की तो शिट्टी मारून बंद पडेल. निदान १००० व्हीए, म्हणजे ६०० वॅटच्या आसपासचा घ्या.

खरेदी

कॉम्प्युटरचा बाजार म्हणजे मुंबईतला लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, वाशीहून कुर्ला आणि दादर करत तेच. लॅमिंग्टन रोडला दुपारीच जा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत खोकं छातीशी धरून उभं राहायची वेळ येणार नाही. तिथली किंमत मागताना १८ टक्के जीएसटीसकट किती, हे पहिल्या वाक्यातच विचारा. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी बाकी कशालाच अर्थ नसतो. कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजून न्या. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे सहज जातात.

सेकंडहँड घेत असाल तर विक्रेत्यासमोर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. आरएक्स ५८० च्या नावाखाली २,३०४ ऐवजी २,०४८ शेडरचं (एएमडीचे कोअर) कार्डही फिरत असतं. मग ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅमची मेमरी टेस्ट पंधरा मिनिटं. एकही एरर आली तर भाव न करता उठा.

जुनं कार्ड घरात पडलंय, त्याचं काय

इथे मात्र दुसऱ्या कार्डाला काम आहे. लॉसलेस स्केलिंग नावाचा छोटा विकतचा प्रोग्रॅम गेमच्या दोन फ्रेमच्या मधे बनवलेली फ्रेम घालतो, आणि ते काम दुसऱ्या कार्डावर ढकलता येतं. मुख्य कार्ड पूर्ण ताकदीने गेम चालवतं, जुनं मधल्या फ्रेम बनवतं. दोन कार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी चालतं. फक्त याच्यासाठी दुसरं कार्ड विकत आणण्यात अर्थ नाही.

मुख्य कार्ड वरच्या स्लॉटमध्ये, जुनं खालच्या. मॉनिटरची केबल जुन्या कार्डाला लावायची, इथेच सगळे चुकतात. केबल मुख्य कार्डाला राहिली तर बनवलेली फ्रेम परत त्याच्याकडे पाठवावी लागते आणि फायदा जातो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन जास्त क्षमतेचं डीफॉल्ट जीपीयू म्हणून मुख्य कार्ड निवडा. लॉसलेस स्केलिंगमध्ये पसंतीचं जीपीयू म्हणून जुनं. गेम बॉर्डरलेस विंडोत. रिव्हाट्यूनरमधून मूळ एफपीएस ६० वर बांधा आणि दुप्पट निवडा, म्हणजे १२० दिसतील. मूळ एफपीएस ४० च्या खाली असेल तर हलणाऱ्या कडा फाटल्यासारख्या दिसतात, आणि ते कोणत्याही सेटिंगने सुधारत नाही.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक अशा ऑनलाइन नेमबाजीच्या गेमसाठी हे बंद ठेवा. मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम आलेली असावी लागते, म्हणून माऊसला उशीर होतो. एकट्याने खेळायच्या गोष्टीच्या गेममध्ये तो चालून जातो.

तरी अडखळलं तर जीपीयू-झेडमध्ये खालच्या कार्डाच्या लेन बघा. बी-मालिकेच्या बऱ्याच बोर्डांवर तो लांब स्लॉट आतून ४ किंवा १ लेनचाच असतो. १४४० ची एक फ्रेम साधारण १४.७ एमबी, ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे ८८५ एमबी. पीसीआयई ३.० ची एक लेन जेमतेम ९८५ नेते, म्हणजे काठावर. ४ लेन असतील तर १४४० आरामात जातं. ४के ला ६० फ्रेमसाठी २ जीबीच्या आसपास लागतात, तेही ४ लेनमध्ये मावतं. एकच लेन दिसली तर जुनं कार्ड काढा, डीडीयूने (ड्रायव्हर पुसणारा प्रोग्रॅम) सेफ मोडमध्ये त्याचा ड्रायव्हर साफ करा, केबल परत मुख्य कार्डाला लावा, आणि जुनं कार्ड भाव उतरण्याआधी विकून टाका.