जुनी हायब्रिड सायकल घेताना आणि पुन्हा रस्त्यावर आणताना

हायब्रिड म्हणजे रस्त्याच्या आणि माउंटन सायकलीच्या मधला प्रकार. जुन्या सायकलचा भाव रंगावरून ठरवू नका. टायर, केबल, चेन, ब्रेकची रबरं हे सगळं बदलता येतं. वाकलेली फ्रेम मात्र सायकलीची किंमतच संपवते, आणि झिजलेल्या रिमा बदलायच्या म्हणजे चाकं नव्याने गुंफायची. म्हणून पाहणी फ्रेमपासून सुरू करा.

समोरून धडकलेल्या सायकलची खूण हेडपाइपच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) लगेच मागे, खालच्या नळीच्या पोटाला सापडते. तिथून बोट फिरवा. फुगवटा, सुरकुती किंवा रंगाला आडवी चीर लागली तर सायकल सोडून द्या. बाजूने पाहताना चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मागे ढकललेला दिसला, तरी अर्थ तोच. मग हेडपाइपला दोऱ्याचा वेढा देऊन दोन्ही टोकं मागच्या एक्सलच्या खाचांना ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन मिमीपर्यंत फरक असेल तर काळजी नाही. त्याहून जास्त असेल तर लोखंडी फ्रेम जाणकार कारागीर सरळ करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तो प्रयोग करू नये.

सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम विकणाऱ्यासमोरच हलवून पाहा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट लोखंडी नळीत ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला, की मधे पाणी मुरून ऑक्साइड धरतो आणि तो जाम बसतो. आपल्याकडच्या पावसात हे हमखास होतं. काढायचा असेल तर बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या दांड्यांमधला बेअरिंगचा आस) खोला, फ्रेम उलटी टांगा आणि नळीत खालून गंज सोडवणारं तेल ओतून रात्रभर ठेवा. नंतर सीट काढून पोस्टचं डोकं बाकाच्या शिकंज्यात पकडा आणि फ्रेमच हळूहळू फिरवा. हातोडा मारू नका. पोस्ट तुटून आत राहिला तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्येच जावं लागेल, आणि मजुरी सायकलच्या भावाला जाऊन भिडेल.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कितीतरी घरांच्या तळमजल्यावर पाणी होतं, आणि तिथल्या सायकलीही बुडाल्या. बाहेरून धुतलेली सायकल चकचकीत दिसते. सीटपोस्ट काढून नळीत टॉर्च मारा आणि बोट घाला. वाळलेला गाळ हाताला लागला तर समजा, एकही बेअरिंग धड नाही. फ्रेम ठणठणीत असेल तर अशी सायकल घ्यायला हरकत नाही, फक्त भाव त्या हिशेबाने करा.

रिमच्या ब्रेक घासणाऱ्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टीखाली खोलगट फट दिसली तर भिंत पातळ झाली आहे आणि हवेच्या दाबाने ती फाटू शकते. चाकाचा आउट (फिरताना डुलणं) तारा कसून निघतो. खड्ड्यात आपटून बसलेली रिम मात्र तारांनी पूर्ववत होत नाही.

टायर घेताना बरेच जण फसतात. हायब्रिडचं चाक ७०० सी, म्हणजे टायर जिथे बसतो तो व्यास ६२२ मिमी. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ टायर ६३५ मिमीचा. दुकानात दोन्हीला ‘अठ्ठावीसचा’ म्हणतात. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर सैल बसतो आणि हवा भरताच कडेने उसळून बाहेर येतो. म्हणून टायरच्या कडेवर ३५-६२२ किंवा ३७-६२२ असं छापलेलं वाचूनच पैसे द्या.

आता उघडायचं काम. हब (चाकाचा मधला भाग) आणि बीबी पूर्ण खोला, वरून तेल सोडून भागवू नका. पुढच्या हबमध्ये साधारणपणे ३/१६ इंची २० छर्रे असतात, मागच्यात १/४ इंची १८, आणि सुट्या छर्‍यांच्या बीबीत १/४ इंची २२. तरीही निघालेले मोजून त्याच मापाचे नवे आणा. जुने-नवे मिसळलेत तर सगळा भार मोठ्या राहिलेल्या छर्‍यांवर येतो. कोन आणि वाटी (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते भाग) डिझेलने धुऊन उजेडात पाहा. कोनवर खड्डे असतील तर कोन बदला. हबच्या वाटीवर असतील तर बहुधा हबच बदलावा लागतो. बहुतेक बीबींत उजव्या कपाचे आटे उलटे असतात, पायडलमध्ये डाव्याचे. हे विसरून जोर लावला की आटे जातात.

बीबी निघालेलीच आहे, तर फ्रेमच्या आतल्या भागाला डबल बॉइल्ड अळशीचं तेल फिरवून दोन-तीन दिवस निथळू द्या. गंजाला त्याने चांगला अटकाव होतो. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

चेन पट्टीने मोजा. शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. बारा इंचांवरही पिनचा मध्यच यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. १/८ गेला असेल तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारेल. गिअरच्या केबलला गिअरचंच आवरण लावा. ब्रेकचं आवरण गुंडाळलेल्या तारेचं असतं आणि ताणाखाली दबतं, त्यामुळे गिअर जागेवर बसत नाहीत.

ब्रेकबाबत तडजोड नको. व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारे लांब हातांचे ब्रेक) १९९६ च्या सुमारास आले. त्याआधीच्या हायब्रिडवर बहुधा कँटिलिव्हर (आखूड हातांचे, मधून वर ओढले जाणारे ब्रेक) असतात. दोघांचे लिव्हर वेगळे, कारण व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. कँटिलिव्हरचे लिव्हर ठेवून व्ही-ब्रेक लावले तर लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. जोतिबाच्या उतारावर हे जिवावर बेतेल.

जोडून झाल्यावर क्रँकचे (पायडलच्या दांड्यांचे) बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला कसा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. ते सैल असताना सायकल चालवली तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं. मग कितीही कसा, तो क्रँक पुन्हा घट्ट बसत नाही.