आतड्यातून नवा मूत्राशय: स्टूडर पद्धत

माझ्या रेसिडेंटांच्या (शिकाऊ सर्जनांच्या) हातात मी सुईआधी मोजपट्टी देते. इलिओसीकल झडपेलगतचं, म्हणजे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथलं, सुमारे 25 सेंमी लहान आतडं तसंच राहू द्या. व्हिटॅमिन बी-12 तिथेच शोषलं जातं. त्यावरचं साधारण 55 सेंमी वेगळं करा, रक्तवाहिन्या जपून.

त्यातलं खालचं 40 सेंमी मेसेंटरीच्या (आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध कडेने उभं उघडा. इथे घाई नको! अखंड नळी आकुंचन पावत राहते. दाब वाढून लघवी गळते, मूत्रपिंडंही धोक्यात येतात. उघडलेला भाग यू आकारात शिवून पुन्हा दुमडा, गोलसर पिशवी होते. वरच्या, न उघडलेल्या नळीला मूत्रपिंडांकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्या जोडा, पिशवी मूत्रमार्गाला.

नंतर आतड्याचा चिकट स्राव साचतो, म्हणून कॅथेटर सलाइनने नियमित धुवा. रक्तातलं बायकार्बोनेटही (आम्लता आवरणारा क्षार) तपासत राहा.