लष्करी वैमानिक व्हायचंय? वाट निवडताना या चुका टाळा

‘एनडीए बरं की एएफकॅट?’ ठाणे-नवी मुंबईतली मुलं आणि पालक हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात (एनडीए ही बारावीनंतरची प्रवेशाची वाट, एएफकॅट ही पदवीधरांसाठीची हवाई दलाची परीक्षा). खरं तर तो शेवटी विचारायचा. आधी डोळे, मग शरीराची मापं, मग बारावीचे विषय आणि वय. एवढं तपासलं की बहुतेकांपुढे एक, फार तर दोन वाटा उरतात.

आधी क्लासची फी, मग डोळ्यांची तपासणी

हा क्रम सगळ्यात महागात पडतो. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेला एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. त्या दुसऱ्या डोळ्याला चष्म्याने ६/६ दिसलं पाहिजे आणि चष्मा अधिक नंबरचाच चालतो. उणे नंबर असेल तर एनडीएतून वैमानिक होता येत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर विसंबू नका. नेत्रतज्ज्ञांकडे थेंब टाकून रेटिनोस्कोपी, म्हणजे नंबर अचूक मोजणारी तपासणी, करून घ्या, रंगांची इशिहारा चाचणीही तिथेच होईल.

उणे नंबर निघाला की घाईघाईने अठराव्या वर्षीच लेसिक (चष्मा घालवणारी लेझर शस्त्रक्रिया) उरकणं ही त्याहून मोठी चूक. वीस वर्षांच्या आत केलेलं लेसिक चालत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर किमान १२ महिने जायला हवेत, नेत्रगोलाची लांबी २५.५ मिलिमीटरच्या आत हवी, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको आणि मूळ नंबर सहापेक्षा जास्त नको. आता हिशेब मांडा. एनडीएचं वय साडेएकोणिसाला संपतं, म्हणजे ती वाट बंद. वीस पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया केली तर एकविसाव्या वर्षी मोकळे, आणि एएफकॅट किंवा सीडीएस या पदवीधरांच्या दुसऱ्या परीक्षेसाठी चोविसापर्यंतची वर्षं हातात. अशा मुलाची शक्ती पदवीवर लागायला हवी, एनडीएच्या क्लासवर नाही.

फक्त उंची मोजून थांबणं

उंची किमान १६२.५ सेंटिमीटर हवी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडकतात ते पुढच्या तीन मापांत: बसून उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर. पाय आखूड असला तर रडरचं (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं) पेडल पुरेसं दाबता येत नाही. मांडी लांब असली तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात सीटसकट बाहेर फेकलं जाताना, गुडघा समोरच्या पॅनलवर आदळू शकतो. घरीच अंदाज घ्या. भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकवून जमिनीवर पाय सरळ पसरा, भिंत ते टाच मोजा. मग भिंतीलगतच्या स्टुलावर बसून भिंत ते गुडघ्याचं पुढचं टोक मोजा. मुलगा सोळा-सतराचा असेल तर कमी भरणाऱ्या मापाची लगेच चिंता नको. जास्त भरणाऱ्याची करा, ते काही कमी होणार नाही.

अकरावीत गणिताला रामराम

‘मेडिकलचंही बघू’ म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतलं की एनडीएची हवाई दल आणि नौदलाची दारं बंद होतात. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. एएफकॅटच्या फ्लाइंगला पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण ६० टक्क्यांची. वर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के हवेत. दहावीनंतर थेट डिप्लोमाला गेलेल्यांची बारावीच होत नाही, त्यामुळे त्यांची एनडीए हुकते.

वय परीक्षेच्या दिवशी मोजणं

वय मोजतात ते कोर्स सुरू होण्याच्या तारखेला. एएफकॅटची फेब्रुवारीतली परीक्षा पुढच्या जानेवारीच्या कोर्सची असते. परीक्षेला बसताना तेवीस पूर्ण असलेला मुलगा तोवर चोवीस ओलांडून बाद झालेला असू शकतो. जेईई रिपीट करण्यात वर्ष घालवण्याआधी ही बेरीज कागदावर करा.

‘आधी सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) काढू, मग एअर फोर्स सोपं’

सोपं काहीच होत नाही. उलव्याच्या विमानतळावरून उडणारी विमानं बघून एअरलाइनची हौस वाटली तर ती वेगळी गोष्ट. २०० तासांच्या उड्डाणासाठी लाखोंचं कर्ज काढून हवाई दलात मिळतं काय, तर चोविसाऐवजी सव्विसाव्या वर्षापर्यंत अर्ज करण्याची मुभा. लेखी परीक्षा, मुलाखत, मेडिकल सगळं तसंच. आणि अग्निवीर वायू म्हणजे वैमानिक नव्हे, वैमानिक अधिकारीच असतो.

चौदा वर्षांनंतरचा विचार न करणं

एनडीए आणि सीडीएसमधून कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची अधिकारीपदाची नोकरी, मिळतं. एएफकॅटमधून फ्लाइंगला येणारं शॉर्ट सर्व्हिस १४ वर्षांचं असतं. मुदतवाढ नाही, पेन्शनही नाही. सदतिसाच्या आसपास एअरलाइनकडे वळायची तयारी असेल तर ही वाट उत्तम आहे. नसेल तर सीडीएसचाही फॉर्म भरा. फायटर, हेलिकॉप्टर की ट्रान्सपोर्ट हे मात्र कुठल्याही वाटेने आलात तरी प्रशिक्षणातली कामगिरी आणि दलाची गरज ठरवते. हेलिकॉप्टरच उडवायचं असेल तर भूदलाच्या (आर्मीच्या) एव्हिएशनचाही विचार करा, त्यांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकलाच होतं.

एनसीसीची कुठलीही विंग घेणं

हवाई दलाच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला एएफकॅटची लेखी परीक्षा नसते, पण ‘सी’ सर्टिफिकेट एअर विंगचंच लागतं. सगळ्या कॉलेजांत एअर विंग नसते. ठाणे असो की वाशी, पदवीच्या ॲडमिशनआधी विचारून घ्या.

सीपीएसएस ‘बघू तरी’ म्हणून देणं

ही वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर ग्राउंड ड्यूटीचा मार्ग उरतो, वैमानिकाचा संपतो. आधी कॉकपिटमधली उपकरणं वाचण्याची लेखी चाचणी, मग यंत्रावर हात, पाय आणि डोळ्यांचा मेळ. अल्टिमीटरचे काटे, कंपास आणि कृत्रिम क्षितिज वाचण्याचा सराव घरी करता येतो, आणि त्यातच तयारी नसलेले जास्त गडबडतात. वेळ कमी असतो, सूचना एकदाच सांगतात, तेव्हा आदल्या रात्रीचं जागरण नको.

मुलाखतीचं पत्र हाती आल्यावर महागडा क्लास लावण्याआधी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. नाशिक रोडच्या छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी एसएसबीची, म्हणजे याच निवड मुलाखतीची, तयारी मोफत करून घेतात.