ब्रेकिंग बॅड पहिल्यांदा बघणार असाल तर कशी बघायची

आधी पसारा किती आहे ते सांगतो. पाच सीझन, ६२ एपिसोड, एकेक साधारण पाऊण तासाचा. अमेरिकेत एएमसी चॅनलवर २० जानेवारी २००८ ला सुरू झाली, २९ सप्टेंबर २०१३ ला संपली, आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहे. शनिवार-रविवारात उरकायची ही मालिका नाही. दिवसाला एक, फार तर दोन एपिसोड बघा असं मी अगदी कळकळीने सांगेन, कारण न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातला वॉल्टर व्हाइट नावाचा सरळमार्गी केमिस्ट्रीचा मास्तर इथे पैशासाठी मेथ नावाचं अंमली द्रव्य बनवायला लागतो आणि एकेक पायरी उतरत जातो, आणि सगळं एका दमात बघितलं की पायऱ्या दिसतच नाहीत, एकदम तळाला पोचलेला माणूस दिसतो आणि मग लोक म्हणतात हा मुळातच वाईट होता, जे खरं नाहीये.

म्हणून पहिलं काम, ऑटोप्ले बंद करा. एपिसोड संपला की दोन मिनिटं थांबायचं आणि एवढंच विचारायचं, आज ह्याच्यापुढे दुसरा रस्ता होता का? सुरुवातीला उत्तर देताना अडखळायला होतं, बिचाऱ्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, घरात पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, बायकोला दिवस गेलेत, पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर कार वॉशला नोकरी करतो आणि तिथे वर्गातल्याच एका पोराची गाडी ह्याला पुसावी लागते, पोराची मैत्रीण लगेच फोन काढते. आपण पूर्ण त्याच्या बाजूने असतो. तसं असू द्या, मुद्दाम कठोर होऊन बघू नका, ती सहानुभूती पुढे लागणार आहे.

पायलटमध्ये, म्हणजे पहिल्याच एपिसोडमध्ये, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा सीन नीट बघा. त्याचा साडू हँक डीईएमध्ये, म्हणजे तिकडच्या अंमली पदार्थविरोधी खात्यात. तो सगळ्यांसमोर आपलं पिस्तूल दाखवतो, वॉल्टरच्या हातात देतो, आणि टीव्हीवर हँकनेच टाकलेल्या धाडीची बातमी लागते. सगळे हँककडे बघतायत आणि वॉल्टर टीव्हीवरच्या नोटांकडे, मग हळूच विचारतो किती पैसे असतील? हँक म्हणतो सात लाख डॉलरच्या आसपास. लक्षात घ्या, कॅन्सरचं निदान अजून झालेलंच नाही.

आता पहिल्या सीझनचा पाचवा एपिसोड, 'ग्रे मॅटर'. ह्यातलं थोडं सांगावं लागेल पण कोण मरतं वगैरे काही सांगत नाही. वॉल्टरचा जुना पार्टनर एलियट आता बक्कळ श्रीमंत आहे, त्याच्या वाढदिवसाला हा नूडल्सचं पाकीट गिफ्ट घेऊन जातो, कारण जुन्या दिवसांत दोघं तेच खायचे. एलियट मनापासून खूश होतो, ते पाकीट सगळ्यांना दाखवतो, आणि नंतर नोकरी देऊ करतो, मेडिकल इन्शुरन्ससकट. म्हणजे ट्रीटमेंटचा प्रश्न सुटला, गुन्हा करायची गरजच उरली नाही. आणि हा नाही म्हणतो! कोणाचं मिंधं व्हायचं नाही म्हणून. माझ्या मते सगळी मालिका ह्या नकारावर उभी आहे, गोळीबार आणि स्फोट सगळं नंतरचं. ह्यानंतर तो 'मी हे घरच्यांसाठी करतोय' असं जितक्या वेळा म्हणेल तितक्या वेळा हा एपिसोड आठवा. जमलं तर हा घरातल्या कोणाबरोबर तरी बघा, कारण त्यातच एक सीन आहे, एकच उशी हातोहात फिरते आणि ज्याच्या हातात उशी त्याने बोलायचं, ट्रीटमेंट घ्यावी की नाही ह्यावर. तुमच्याही घरात त्यावरून वाद होईल आणि व्हावा.

पहिला सीझन सातच एपिसोडचा आहे, तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालू होता, त्यामुळे तो मध्येच तुटल्यासारखा वाटतो. तिथे सोडू नका. दुसऱ्या सीझनपासून कपड्यांच्या रंगांकडेही लक्ष ठेवा, सुरुवातीचा फिकट, मातकट वॉल्टर हळूहळू गडद होत जातो. मेव्हणी मरी मात्र बहुतेक वेळा जांभळ्यात.

पात्रांची नावं गूगल करू नका. नुसतं नाव टाकलं तरी खाली पुढचं सगळं येतं. कलाकार हवे असतील तर इथेच घ्या, वॉल्टर म्हणजे ब्रायन क्रॅन्स्टन, त्याचा जुना विद्यार्थी आणि ह्या धंद्यातला जोडीदार जेसी म्हणजे एरन पॉल, आणि मालिका निर्माण केली विन्स गिलिगनने. सबटायटल्स चालू ठेवा, जेसीचं बोलणं भराभर निसटतं.

तिसऱ्या सीझनचा दहावा एपिसोड 'फ्लाय', जवळपास सगळा एका लॅबमध्ये, एका माशीच्या मागे. बरेच जण कंटाळून पुढे ढकलतात. तसं अजिबात करू नका, वॉल्टरच्या मनात साचलेलं इतकं ओठाशी क्वचितच येतं.

आणि स्कायलर, त्याची बायको. तिच्यावर चिडायला फार सोपं आहे, प्रेक्षकांनी तर अ‍ॅना गन ह्या अभिनेत्रीचा इतका द्वेष केला की २०१३ मध्ये तिला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहावा लागला. माझी विनंती आहे, वॉल्टर खोटं बोलतो तो प्रत्येक सीन एकदा तिच्या जागेवर बसून बघा. पोटुशी बाई, नवरा आजारी, तासन्‌तास गायब, दुसरा फोन आहे का विचारलं तर उडवून लावतो. ती कटकट करत नाहीये, तिला घरात काहीतरी कुजतंय ह्याचा वास आलाय. आपल्याला नवऱ्याचं गुपित माहीत असतं म्हणून आपण नकळत त्याच्या टोळीत जाऊन बसतो, ते ओळखा आणि तिथून उठा.

पाचव्या सीझनचा चौदावा एपिसोड, 'ओझिमँडियस', दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा लावा, फोन लांब ठेवून. त्यानंतर दोनच राहतात, पण त्याच रात्री ते बघायची घाई करू नका.

संपल्यावर आधी 'एल कमिनो' हा २०१९ चा सिनेमा, तो जेसीचा आहे. मग 'बेटर कॉल सॉल', ब्रेकिंग बॅडमधल्याच सॉल नावाच्या वकिलाची वेगळी मालिका, ६३ एपिसोड. काही जण सांगतात त्यातली गोष्ट आधीची आहे म्हणून तीच आधी बघा. ऐकू नका, तिचा पहिलाच ब्लॅक अँड व्हाइट सीन ब्रेकिंग बॅड संपल्यानंतरचा आहे.