पैसा आटतो तेव्हा: स्टार्टअपचा तेरा आठवड्यांचा हिशेब

बाजार थंडावला की पहिलं काम एकच: खात्यात दिसणाऱ्या पैशांपैकी आपले किती, ते शोधणं.

समजा, पुण्यात बाणेरला चौदा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बँकेत ८४ लाख, महिन्याचा खर्च १६ लाख, वसुली सरासरी ८ लाख. महिन्याला ८ लाख कमी पडतात, म्हणजे साडेदहा महिने निघतील, असं संस्थापक धरून चालतात. पण या ८४ लाखांत ग्राहकांकडून घेतलेला ७ लाख जीएसटी आहे, तो २० तारखेला जाणार. दीड लाख टीडीएस ७ तारखेला, दीड लाख पीएफ १५ तारखेला. १० लाखांची एफडी बँक गॅरंटीपोटी अडकलेली आहे. उरले ६४ लाख. मंदीत वसुली निम्म्यावर आली तर महिन्याला १२ लाख कमी पडतील. साडेदहा महिने वाटत होते ते सव्वापाच निघाले.

हा आकडा कळला की तेरा आठवड्यांचा तक्ता मांडा. साधी एक्सेल शीट पुरते. आडवे तेरा आठवडे. उभ्या ओळींत सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे ग्राहकवार, जाणारे पैसे तारखेवार आणि शेवटची शिल्लक. महिन्याचा हिशेब इथे कामाचा नाही. महिनाअखेर शिल्लक ठीक दिसते आणि ७ तारखेला खातं रिकामं असतं, हे महिन्याच्या तक्त्यात दिसतच नाही.

येणी लिहिताना बिलावरची मुदत विसरा. त्या ग्राहकाची मागची पाच बिलं काढा आणि प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे आले ते बघा. बिलावर ३० दिवस असतील आणि ग्राहक ६८ दिवसांनी देत असेल, तर तक्त्यात ६८ च लिहायचे. ‘नक्की देतो म्हणालेत’ हे येणं धरायचं नाही. दर सोमवारी सकाळी गेल्या आठवड्याच्या अंदाजाशेजारी खरा आकडा भरा. तीन-चार सोमवारांत तुमचा अंदाज कुठे फुगतो ते कळतं. बहुतेकांचा तो वसुलीत फुगतो.

पैसे कमी पडले की जीएसटी आणि टीडीएसला हात लावायचा मोह होतो. लावू नका. जीएसटी थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज. कापलेला टीडीएस भरला नाही तर महिन्याला दीड टक्का, शिवाय खटला होऊ शकतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडून हे कर वसूल झाले नाहीत, तर जबाबदारी संचालकांवर व्यक्तिशः येऊ शकते. या पैशांसाठी वेगळं चालू खातं उघडा आणि ग्राहकाचे पैसे आले त्याच दिवशी कराचा भाग तिकडे वळवा.

खाती दोन वेगळ्या बँकांत हवीत. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा १८ मार्चपर्यंत ५० हजारांच्या वर काढता येत नव्हते, आणि तिच्यावर चालणारं फोनपेही सुरुवातीला काही काळ बंद पडलं होतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा पगार अडकतील की काय, या काळजीत भारतातलेही कितीतरी संस्थापक होते. आपल्याकडे ठेवींचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला फक्त ५ लाखांचा. म्हणून एका महिन्याचा पगार आणि कर दुसऱ्या बँकेत ठेवा, आणि तिथून पाच-सहा पगार खरोखर पाठवून बघा. लाभार्थी जोडलेले नसणं, सही करणाऱ्याचा मोबाइल नंबर जुना असणं, असे घोळ ऐन वेळी कळले तर उपयोग नाही.

खर्च: एकदाच, आणि लवकर

आपल्या उदाहरणातला खर्च १६ वरून ११ लाखांवर आणता आला, तर वसुली ४ लाखच धरूनही नऊ महिने मिळतात. पण आज ठरवलेली कपात आज पैसे वाचवत नाही. ८० हजार पगाराच्या माणसाला दोन महिन्यांची नोटीस असेल, तर पहिला रुपया तिसऱ्या महिन्यात वाचतो, वर शिल्लक रजेचे पैसे द्यावे लागतात. चार महिन्यांचे पैसे उरल्यावर केलेल्या कपातीचा खरा फायदा जेमतेम दोन महिन्यांचा. नऊ महिने हातात असतानाच निर्णय घ्यायचा तो यासाठी.

आधी निर्जीव खर्चाकडे बघा. क्लाउडवरचे टेस्टिंगचे सर्व्हर सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते रात्री ८ एवढेच चालवा. आठवड्याच्या १६८ तासांपैकी ६० तासांचंच भाडं लागतं. डिस्कचे पैसे मात्र सर्व्हर बंद असतानाही चालू राहतात, म्हणून जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) वेगळे शोधून काढून टाका. सवलत मिळते म्हणून वर्षाची बांधिलकी आत्ता घेऊ नका. जागेच्या लीव्ह अँड लायसन्स करारात लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचं आहे ते वाचा. ते संपलं नसेल तर मालकाशी अर्धी जागा सोडण्याबद्दल किंवा डिपॉझिटमधून तीन महिन्यांचं भाडं वळतं करण्याबद्दल बोला. मंदीत नवा भाडेकरू मिळणं त्यांनाही सोपं नसतं.

पगाराला हात लावायचाच तर संस्थापकांपासून. ५० हजारांखाली काहीही कापू नये, ५० हजार ते १ लाखापर्यंत असेल तर १० टक्के, त्यावर २० टक्के, संस्थापक ५० टक्के, ही उतरंड लोकांना पटते. प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि पुन्हा आढावा कधी घेणार ती तारीख त्याच पत्रात लिहा. माणसं कमी करायची असतील तर एकाच दिवशी, आणि हिशेबाचे सगळे पैसे आधी बाजूला काढून. दर दोन महिन्यांनी दोघा-दोघांना काढणाऱ्या कंपनीत राहिलेल्यांचं कामात लक्ष लागत नाही, आणि बाहेर सहज नोकरी मिळू शकणारी चांगली माणसं आधी जातात.

सगळ्यात स्वस्त पैसा: तुमचीच थकबाकी

गुंतवणूकदारांकडे जाण्याआधी आपली उधारी गोळा करा. त्यात कायद्याची मदत घ्यायची तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, हवी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादेनुसार १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक असलेला उद्योग लघू गटात बसतो. बहुतेक स्टार्टअप यात येतात. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मालावर किंवा कामावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणून काम सोपवल्याचा ईमेल जपून ठेवा. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून आणखी एक तरतूद लागू झाली: मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुलीचा जोर लावा; समोरच्या सीएलाही ३१ मार्चआधी बिल मिटवायची घाई असते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही.

बिल अडकतं ते पुष्कळदा क्षुल्लक कारणानं. पर्चेस ऑर्डरचा क्रमांक चुकलेला, जीएसटी क्रमांक दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा, किंवा बिल त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट दाखवणाऱ्या यादीत, दिसत नाही. तीन महिन्यांनी विवरण भरणाऱ्या छोट्या कंपन्यांचं हे शेवटचं दुखणं ठरलेलं. तुम्ही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या बिलं आधीच चढवायच्या सोयीत, चढवली तर ते मिटतं. फोन मालकाला नको, अकाउंट्समधल्या माणसाला करा आणि विचारा, ‘बिल कुठल्या टेबलावर आहे?’ थकलेल्या बिलाबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार हा शेवटचा उपाय. तो वापरला की ग्राहक बहुधा तुटतो.

ग्राहक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्स (TReDS), म्हणजे बिलापोटी बँकेकडून आधीच पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था, वापरा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज किंवा इनव्हॉइसमार्ट या ट्रेड्सच्या पोर्टलवर बिल चढवायचं, ग्राहकानं ते मान्य केलं की बँका व्याजदराची बोली लावतात, आणि पैसे तुमच्या खात्यात येतात. ग्राहकानं पुढे पैसे बुडवले तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. अडतं ते ग्राहकाच्या मान्यतेपाशी, म्हणून नवा करार करतानाच ट्रेड्सची अट घाला.

वर्षाचे पैसे आगाऊ घेणं हाही चांगला मार्ग. बारा महिन्यांची सेवा दहा महिन्यांच्या दरात दिली तर सूट पडते पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास. मंदीत कुठलाही गुंतवणूकदार याहून स्वस्त पडत नाही. दोन गोष्टी सांभाळा. सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लगेच भरावा लागतो. आणि ३६५ दिवसांत कामापोटी न वळवलेली आगाऊ रक्कम कंपनी कायद्यात ‘ठेव’ ठरू शकते. दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम घेण्याआधी सीएकडून करार तपासून घ्या.

बाहेरचा पैसा

मित्राकडून कंपनीच्या खात्यात हातउसने घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. प्रायव्हेट लिमिटेडला संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येतं, तेही ‘हे पैसे उसने घेऊन दिलेले नाहीत’ असं लेखी घेऊन. मित्राचं कर्ज बेकायदा ठेव ठरतं. मित्राला भागीदार करायचं असेल तर शेअर द्या, किंवा डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज), पण ती एका व्यक्तीकडून एका हप्त्यात किमान २५ लाखांची लागते.

बँकेच्या कर्जाला स्टार्टअपसाठी सरकारी हमीची योजना आहे, ती विचारा. वैयक्तिक हमीवर सही करण्याआधी दहादा विचार करा. कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्यावर १ डिसेंबर २०१९ पासून दिवाळखोरी संहितेखाली थेट कारवाई होऊ शकते, म्हणजे राहतं घर पणाला लागतं.

गुंतवणुकीचं बोलणं आधी जुन्या गुंतवणूकदारांशी. पहिल्या भेटीपासून पैसे येईपर्यंत मंदीत सहा महिने धरा. टर्म शीट, म्हणजे अटींचा प्राथमिक मसुदा, हाती आली म्हणजे पैसे आले असं नाही. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये (निवडक लोकांनाच शेअर विकताना) तर रक्कम खात्यात आली तरी शेअर वाटप करून पीएएस-३ हा वाटपाचा सरकारी फॉर्म भरेपर्यंत ती वापरता येत नाही. हे दोन-तीन आठवडे तक्त्यात लिहा.

व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची ठरवलेली किंमत, कमी मिळालं तर वाईट वाटतं, पण खरं नुकसान अटींत असतं. समजा, ५ कोटी घेऊन २० टक्के हिस्सा दिला आणि अट २ पट, पार्टिसिपेटिंग प्रेफरन्सची: विक्रीत गुंतवणूकदार आधी दुप्पट घेणार आणि उरलेल्यातही वाटा घेणार. पुढे कंपनी १२ कोटींना विकली. गुंतवणूकदार आधी १० कोटी उचलतो, उरलेल्या २ कोटींतले ४० लाखही घेतो, बाकी सगळ्यांना मिळून १ कोटी ६० लाख. त्याच ५ कोटींना ३० टक्के दिले, पण अट १ पट, नॉन-पार्टिसिपेटिंग, म्हणजे घातलेली रक्कम किंवा हिस्सा यांपैकी एकच. गुंतवणूकदार ५ कोटी घेतो, तुमच्या वाट्याला ७ कोटी उरतात. व्हॅल्युएशन सोडा, अट सोडू नका. अँटी-डायल्यूशनमध्ये, म्हणजे पुढे शेअर स्वस्तात विकले तर गुंतवणूकदाराला भरपाई देणाऱ्या अटीत, ‘फुल रॅचेट’ (त्याचा पूर्ण भाव नव्या स्वस्त भावावर आणणं) दिसलं तर ‘वेटेड अ‍ॅव्हरेज’ (नवे शेअर किती, त्या प्रमाणात भाव कमी करणं) मागा.

तक्त्याच्या तळाला एक ओळ कायमची ठेवा: कंपनी बंद करायला लागणारी रक्कम. नोटीस पगार, पीएफ, थकलेले कर, पुरवठादारांची देणी, सीएची फी, सरकारी नोंदवहीतून कंपनीचं नाव काढून टाकण्याच्या अर्जाचे १० हजार. शिल्लक ज्या आठवड्यात या ओळीला टेकेल, त्याच्या सहा आठवडे आधीची तारीख आजच कॅलेंडरवर टाका आणि सहसंस्थापकाला कळवा. पुढे जायचं की थांबायचं, ते त्या दिवशी दोघांनी तक्ता समोर ठेवून ठरवायचं.