हिब्रू आणि रोमेनियनच्या लँग्वेज कोडचा घोळ असा सोडवला (माझा अनुभव)

लँग्वेज कोड म्हणजे भाषेच्या नावाऐवजी कॉम्प्युटर वापरतो ती दोन-तीन अक्षरं. महापेला ऑफिसात एका ॲपचं काम चालू होतं, हिब्रू निवडलं की सगळा मजकूर डावीकडे चिकटायचा आणि रोमेनियन यादीत दोनदा दिसायची.

हिब्रूचा दोन अक्षरी कोड आधी आय-डब्ल्यू होता, १९८९ मध्ये तो बदलून एच-ई झाला, पण जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या १७ च्या आधीच्या व्हर्जनला तुम्ही एच-ई दिलं तरी ते आतून आय-डब्ल्यूच परत देतं. आमच्या सर्व्हरवर जावा ८, आणि उजवीकडून लिहायच्या भाषांच्या यादीत फक्त एच-ई, मग मॅच कुठून होणार! तीन अक्षरी मात्र एकच, एच-ई-बी, तिथे काही त्रास नाही.

रोमेनियनचं बरोब्बर उलटं. दोन अक्षरी सरळ आर-ओ, पण तीन अक्षरी दोन आहेत, पुस्तकांच्या लायब्ररीवाल्यांचा आर-यू-एम आणि दुसरा आर-ओ-एन, शिवाय मोल्डोवनचा (मोल्डोवा देशात रोमेनियनलाच दिलेलं नाव) एम-ओ, जो २००८ ला रद्द करून रोमेनियनमध्येच घेतला. आमच्याकडे सबटायटलच्या फायली आर-यू-एम लावून यायच्या आणि मेनू आर-ओ-एन वर चालायचा, म्हणून ती दोनदा दिसायची.

मग डेटा आत येतो तिथेच एक छोटा टेबल टाकला: आय-डब्ल्यू, एच-ई-बी आलं की एच-ई, आणि आर-यू-एम, आर-ओ-एन, एम-ओ आलं की आर-ओ, डेटाबेसमध्ये दुसरं काही जाऊच द्यायचं नाही. जावाकडून परत येणारा कोडसुद्धा ह्याच टेबलातून फिरवा, हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर हिब्रू पुन्हा डावीकडे जाईल. डेटाबेसमधल्या जुन्या रो (नोंदी) एकदा स्क्रिप्ट चालवून बदलून घ्या, आधी बॅकअप काढून.