पाहुण्यांना मुंबई दाखवायची, तर घड्याळ बघून

आमचं घर दादरला, स्टेशनपासून चालत. त्यामुळे मे महिना आणि दिवाळीत नागपूरच्या आत्यापासून सांगलीच्या भाचेजावयांपर्यंत सगळे आमच्याकडेच उतरतात, आणि मला ते मनापासून आवडतं. पाहुणे ठिकाणांची यादी घेऊन येतात. मी आधी वेळ ठरवते. या शहरात कुठे जायचं यापेक्षा केव्हा जायचं, हे जास्त महत्त्वाचं.

पहिला दिवस पहाटे सुरू करा. सहाच्या आत दादर पश्चिमेच्या फुलबाजारात पोहोचा. घाटावरून आलेला झेंडू, शेवंती, निशिगंध, ओले गजरे, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल आणि 'बाजू, बाजू' असा पुकारा. पायांत घट्ट चपला हव्यात, कारण खाली चिखल असतो. वाटेत उभं राहून फोटो काढू नका, तिथे लोकांचं पोट चालतं. थोडी फुलं मात्र घ्याच.

घरी येऊन आंघोळी उरका आणि मग गोखले रोडवरच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. पीयूष घट्ट आणि गोड असतो, दोघांत एक पुरतो. मुंबईत खाणं हे अर्ध्या-अर्ध्या प्लेटनेच करावं. सकाळीच पोट तुडुंब भरलं, तर छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा बटाटावडा कुठे मावणार? आपल्या माणसाला आग्रह करायचा तो घरच्या जेवणात करावा.

लोकल दाखवायचीच, पण सकाळी अकरानंतर. त्याआधी दक्षिणेकडे जाणारी गर्दी नवख्या माणसाला घाबरवते. मध्य रेल्वेची धीमी गाडी पकडा. बायका महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात बसणार असतील, तर कुठे उतरायचं आणि फलाटावर कुठे भेटायचं ते चढण्याआधीच ठरवा. मुलं बरोबर असतील तर भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेच्या दारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं. जुन्या मुंबईतल्या माणसांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत, मुलं त्यांच्यापुढून हलत नाहीत. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद.

मग सीएसएमटी. बहुतेक लोक धावत बाहेर पडतात. तुम्ही पाहुण्यांना लोकलच्या तिकीटघरात थांबवून छताकडे बघायला सांगा, तिथे सोनेरी तारे आहेत. नंतर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने अख्खी इमारत बघा. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. दगडात कोरलेले मोर, माकडं, खारी मुलांना शोधायला लावा. स्थानकाचं काम १८८८ मध्ये पूर्ण झालं, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याच स्थापतीची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची. एवढं सांगितलं की पुरे, पाठांतर नको.

चारच्या सुमारास मेट्रो सिनेमाकडे चालत जा. तिथे १९०४ पासूनचं 'कयानी' हे इराणी हॉटेल आहे. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला पाव, चहात बुडवून खायचा, हे पाहुण्यांना करून दाखवा. ब्रून कडक असतो, दात नाजूक असतील तर बन मस्का मागवा. मावा केकही घ्या.

मरीन लाइन्सचा पूल ओलांडला की समुद्र. सूर्यास्ताआधी अर्धा तास पोहोचा. समुद्राइतक्याच समोरच्या गोल सज्ज्यांच्या इमारती बघण्यासारख्या आहेत. ओव्हल मैदानाच्या परिसरासह त्यांना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पाय चालत असतील तर चौपाटीपर्यंत जा आणि भेळ खा. थकलेल्या आजी-आजोबांना मात्र इथेच कट्ट्यावर बसू द्या. त्यांना तासभर नुसतं बसणं फार आवडतं, हे मी पाहिलंय.

परतीला संध्याकाळी सहा ते नऊ लोकल टाळा. टॅक्सी करा, किंवा चर्चगेटला जाऊन तिथूनच सुटणाऱ्या धीम्या गाडीत बसून या.

गेटवे बघायला सकाळी लवकर जा. घारापुरीला जायचं असेल तर सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. वर चढायला भरपूर पायऱ्या आहेत, गुडघेदुखी असलेल्यांना आधीच सांगा. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, तेव्हा घारापुरी यादीतून काढूनच टाका.

दुसऱ्या दिवशी दुपारी काहीही ठरवू नका. पाहुण्यांना घरी झोपू द्या.